मोजणीदारांची पाटी

आमच्या गल्लीत एका फाटकावर काळी पाटी टांगलेली आहे. त्या घराच्या छतावरच्या टाकीत किती पाणी आहे, ते रोज सकाळी सहाच्या ठोक्याला तिच्यावर खडूने लिहिलं जातं. 'पातळी ८२ सेंमी. आवक शून्य. विसर्ग : धुणं, भांडी, पाहुणे दोन.' पाहुण्यांना हे वाचूनच आत जावं लागायचं. वाचून परत फिरलेला एक व्याही मी स्वतः पाहिला आहे.

पाटीचे मालक दगडूबा ओव्हाळ. सगळी हयात पाटबंधारे खात्यात मोजणीदार म्हणून गेली. धरणाची पातळी मोजायची आणि खालच्या गावांतल्या लोकांना दिसेल अशा पाटीवर लिहायची, हे काम. निवृत्त झाले, धरण मागे राहिलं, पण हाताची खाज जाईना. मग घरच्या टाकीला आतून सेंटिमीटरच्या रेघा मारून घेतल्या. आमच्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे गल्ली आधी हसली आणि नंतर गुपचूप वाचायला लागली. आवक शून्य नसेल त्या दिवशी बायका हंडे घेऊन बाहेर यायच्या.

गावाचं नाव सांगत नाही. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. मी तिथल्या आरोग्याच्या कार्यालयात कॉम्प्युटरवर बसतो आणि माझी नोकरी कंत्राटी आहे. दर अकरा महिन्यांनी मी पुन्हा नवा होतो.

दगडूबाकाकांच्या बैठकीत बुद्धमूर्तीच्या शेजारी एक कागद काचेत लावलेला आहे. मला आधी वाटलं मानपत्र असेल. जवळ जाऊन वाचलं तर 'कारणे दाखवा' नोटीस निघाली. एका पावसाळ्यात धरणातून पाणी सोडायचं ठरलं होतं आणि वरिष्ठ म्हणाले, पाटीवर लिहू नका, घबराट पसरेल. काकांनी लिहिलं. नुसतं लिहिलंच नाही, तर सायकलवर जाऊन खालच्या गावात सांगूनही आले. गाव वाचलं आणि यांना नोटीस मिळाली.

"मंग तुम्ही काय कारण दाखवलं?" मी विचारलं होतं.

"एकच ओळ लिहिली. आधी खालच्या गावाला."

हे त्यांचं पालुपद. लग्नात पंगत बसली तरी शेवटच्या रांगेकडे बोट दाखवून म्हणणार, आधी खालच्या गावाला. त्यांचं दुसरं हत्यार म्हणजे 'कावून', का म्हणून. समोरच्याने काहीही सांगितलं की शांतपणे विचारायचं, कावून? तो उत्तर देईल त्यालाही, कावून? तिसऱ्या कावूनला भलेभले रडकुंडीला यायचे.

मग तो आजार आला.

आमच्या कार्यालयातून रोज संध्याकाळी एक पत्रक निघायचं. त्यात तालुक्यापुढे एक आकडा असायचा. गाव नाही, गल्ली नाही. ते पत्रक मीच टाइप करत होतो, आणि ज्या यादीवरून करत होतो तिच्यात सगळं होतं. कोणत्या गल्लीत किती, काल किती, आज किती. यादी माझ्या कॉम्प्युटरमध्ये आणि पत्रक लोकांच्या मोबाईलमध्ये. या दोन्हींच्या मधे आमचे साहेब बसलेले होते.

मी घरी आलो की काका तोंडाला उपरणं बांधून सहा हातांवर उभे.

"काय आपरेटर, पातळी?"

"तालुक्यात सदतीस, काका."

"तालुका म्हंजे शंभर गावं. मी इचारतो माझ्या दारातल्या नालीचं, तू सांगतो समुद्राचं. आमच्या गल्लीत किती? शेजारच्या गल्लीत किती?"

"ते सांगायची परवानगी नाही."

"कावून?"

मी फाटक लावून घ्यायचो. ते मागून म्हणायचे, "आमच्या खात्यात आपरेटर धरणाचं दार उघडायचा बे. तू पहिलाच पाह्यला, जो निस्ता बंद करतो."

शेवटी ते थेट कार्यालयात अर्ज घेऊन आले. गल्लीनिहाय रोजची संख्या मिळावी, नावे नकोत. 'नावे नकोत' खाली दोन रेघा. त्याला कारण होतं. सुरुवातीला एका फळवाल्याचं नाव मोबाईलवर फिरलं होतं. तो बरा होऊन आला, तरी महिनाभर त्याच्या गाड्यावरचं केळं कोणी उचललं नाही. ते सडलेले घड काकांनी पाहिले होते.

साहेबांचा मास्क हनुवटीला होता. म्हणाले, "काका, असे आकडे बाहेर गेले तर लोक घाबरतील."

"साहेब, लोक घाबरलेलेच हायेत. कोणच्या बाजूला घाबरायचं तेवढं सांगा."

"वरून आदेश नाही."

"आकडा वर जाताना आदेश लागला न्हाई. आमच्या घरातून निघाला, तुमच्याकडं आला, जिल्ह्याला गेला, मुंबईला गेला. सगळ्यांनी पाह्यला. ज्याच्या घरातून निघाला त्यालाच कावून दिसू न्हाई?"

साहेबांनी अर्जावर 'विचाराधीन' असा शेरा मारला. तो अर्ज अजून विचारातच आहे. काका गेल्यावर साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "यादी फुटली तर कुणाच्या मशीनमधून फुटली ते मला कळेल बरं का." माझ्या अकरा महिन्यांची फाईल त्यांच्याच टेबलावर होती. मी मान हलवली. मान हलवण्यात मी तेव्हा तरबेज होतो.

काकांनी सायकल काढली. रोज सकाळी गावभर चक्कर, खिशात वही. कोणत्या घरापुढे बांबू आडवे लागलेत ते मोजायचे. दूधवाल्याला विचारायचे, कुणाचं दूध बंद झालं. झाडूवाल्या बाईला विचारायचे, कुठल्या घरचा कचरा वेगळ्या पिशवीत येतो. आणि पाटीवर टाकीच्या पातळीखाली गल्ल्या येऊ लागल्या. 'मोमीनपुरा ३, काल २, चढती. पेठ ५, स्थिर. कुंभार गल्ली ०.' नाव एकाचंही नाही. लोक लांबून वाचायचे, मोबाईलमध्ये फोटो घ्यायचे आणि किराणा कुठल्या बाजूने आणायचा ते ठरवायचे. मी ऑफिसला जाताना पाटी वाचायचो आणि ऑफिसात गेल्यावर यादीशी ताडून बघायचो. एखाद-दुसऱ्याचा फरक. अख्खं कार्यालय, दोन जीपगाड्या आणि एक साहेब एकीकडे. सत्तरीचा म्हातारा आणि सायकल दुसरीकडे. मला हसू यायचं. आज त्या हसण्याची चीड येते.

कारण एका गोष्टीला काकांकडे इलाज नव्हता. बांबू लागायला दोन-तीन दिवस जायचे. तोवर आकडा फक्त माझ्याकडे असायचा.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यातली सकाळ. आदल्या संध्याकाळी मी कुंभार गल्लीपुढे नऊ टाइप केले होते. एकदम नऊ, आणि बांबू एकही नाही. मी फाटकाशी गाडी पुसत होतो. समोरून वत्सलाकाकू निघाल्या, काकांच्या मंडळी. हातात स्टीलचा डबा, इस्त्रीची साडी. किती तरी महिन्यांनी बाहेर पडत होत्या.

"कुठं निघालात काकू?"

"कुंभार गल्लीत. झुंबराबाईच्या लेकीला बाळ झालं बघ. बाळंतिणीला डिंकाचे लाडू केलेत."

माझ्या हातातलं फडकं थांबलं. ते त्यांना दिसलं असावं, कारण त्या हसल्या.

"आरं, मी पाटी वाचून निघाले. शून्य हाय तिथं. यांचा आकडा चुकत न्हाई."

मी म्हणू शकलो असतो, काकू, आज नका जाऊ. आकडा सांगायचीही गरज नव्हती. आज ऊन फार आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण डोक्यात फाईल होती, साहेब होते, आणि काकूंनी हे काकांना सांगितलं तर उद्या पाटीवर कुंभार गल्लीपुढे काय येईल, ही भीती होती. मी म्हणालो, "सावकाश जा."

सावकाश जा म्हणे.

पाचव्या दिवशी सकाळी पाटीवर टाकीची पातळी नव्हती. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : 'दगडूबा ओव्हाळ यांचे घर १. कोणीही इकडे येऊ नये.' त्या पाटीवर आलेलं ते पहिलं आणि शेवटचं नाव. दुसऱ्या कुणाचं नाव त्यांनी लिहिलं नाही, स्वतःचं लिहिलं. आणि पाटीवर गावाचा एवढा विश्वास की खरोखरच कोणी फिरकलं नाही. ज्यांनी वर्षभर तिच्यावरून आपापला रस्ता ठरवला, त्या सगळ्यांनी हाही ठरवला. मी समोरच राहतो. मीही गेलो नाही.

काकूंना बीडला नेलं. नवव्या दिवशी त्या गेल्या. काका रिक्षातून एकटे परत आले, आत जाण्याआधी पाटीशी थांबले आणि एक पुसून शून्य केलं. घरातला आकडा खाली आला होता ना. त्या संध्याकाळी साहेबांनी मला पत्रकात एक ओळ वाढवायला सांगितली : रुग्णसंख्येत समाधानकारक घट. मी टाइप केली. शुद्धलेखन तपासून टाइप केली.

साथ ओसरली. साहेबांची बदली झाली, बढतीवर. गल्ल्यांचे आकडे पाटीवरून गेले, टाकी परत आली. पण आता रोज जवळजवळ तेच असतं. 'पातळी ९१. आवक शून्य. विसर्ग नाममात्र.' पूर्वी चार दिवसांत तळ गाठणारी टाकी आता नळ येईपर्यंत निम्मीही होत नाही. एकट्या माणसाला पाणी लागतं किती?

मला ते पातळी विचारत नाहीत. त्या उन्हाळ्यानंतर एकदाही विचारली नाही.

गेल्या महिन्यात नव्या साहेबांनी जुन्या याद्या पुसून टाकायला सांगितल्या. मशीन जड झालं होतं म्हणे. पुसण्याआधी मी एक पान छापलं. नावांचा रकाना काढून टाकला, काकांना नावं चालत नाहीत. रविवारी सकाळी ते पान घेऊन मी रस्ता ओलांडला. बारा पावलांचा रस्ता, ओलांडायला मला चार-पाच वर्षं लागली.

काकांनी चष्मा लावला. कागद वाचला. मग कपाटातून ती वही काढली आणि पान न शोधता उघडली, कारण ती तिथेच उघडत होती. कुंभार गल्ली, शून्य. त्या शून्याभोवती पेनाचे इतके गोल होते की कागद फाटायला आला होता.

"मला वाटायचं, मीच मोजायला चुकलो," ते म्हणाले. "माझ्या शून्यानं तिला धाडलं."

"नाही काका. बांबू उशिरा लागले."

त्यांनी शून्यावर एक आडवी रेघ मारली. खाडाखोड करायची नाही, रेघ मारून शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची, हा खात्याचा नियम. नऊ लिहिले. सही केली. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, असं मला वाटलं.

"काका, मला माहीत होतं. काकू निघाल्या तेव्हा मी फाटकात होतो. मी सांगितलं नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. वही मिटली.

"तिनं सांगितलतं मला," ते म्हणाले. "समोरचा सुनील इचारत होता, कुठं निघालात म्हणून. लई बरं वाटलतं तिला. आजकाल कोण इचारतं, म्हणली."

त्यांनी आईबहिणीवरून शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने घरी गेलो असतो. ते उठले, आत गेले, तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "पी." मी सगळं पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढताना मी पाटी वाचली. 'पातळी ९०. आवक शून्य. विसर्ग : पाहुणा एक, तांब्या एक.' काकू गेल्यापासून त्या पाटीवर पाहुणा लिहिला गेला नव्हता. आणि नियमाप्रमाणे नाव लिहिलेलं नव्हतं.