लाभ, एक, दोन

नातीनं, आचलनं, शनिवारच्या पालकसभेत वीस चिंचोके बरोबर मोजले, तर अण्णाजींना मिळणार होतं ते असं: एक शाल, एक नारळ, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांच्या शेजारची खुर्ची आणि सदाशिवरावांचं पडलेलं तोंड. शाल फार तर दीडशेची, नारळ फोडला की संपला, हे अण्णाजींना कळत होतं. पण गेल्या वर्षी नातवापायी ती खुर्ची मिळाल्यापासून खतवाले सदाशिवराव जाम गावच्या चौकात दिसेल तिथं अण्णाजींना गणिताचं महत्त्व समजावत. ते तोंड पाडायला अण्णाजी वाटेल ती किंमत मोजायला तयार होते. म्हणजे मनातल्या मनात.

सभेला आठ दिवस उरले असताना पहिलीच्या मोहिनी मॅडम अण्णाजींच्या किराणा दुकानात आल्या.

"अण्णाजी, आचल मोजते छान. पण एक म्हणतच नाही. लाभ, दोन, तीन!"

"मंग बरोबरच हाय न, मॅडम. पयल्या मापाले एक म्हनलं का धंदा एकावरच थांबते. आमच्या आज्यापासून लाभच म्हनतेत."

"परीक्षा तुमच्या आज्याची नाही, आचलची आहे. आता सगळा वर्ग लाभ म्हणायला लागलाय. काल एका पोरानं विचारलं, मॅडम, लाभ नंबरला जाऊ का?"

"साहेबासमोर लाभ निंगालं तं?"

"तर खुर्ची दुसऱ्याची."

त्या वाक्यानं अण्णाजींचं बूड गादीला टेकेना. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा होता, पण आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया तुरीची डाळ पायलीच्या मापानंच मागत. आचल शाळेतून आली की पोत्यावर बसून आपल्या आबाजींबरोबर, म्हणजे अण्णाजींबरोबर, पायल्या मोजे. लाभ सोडावा तर लक्ष्मी रुसणार, धरावा तर खुर्ची जाणार. गादीवरून दारात आणि दारातून गादीवर अशा पंधरावीस फेऱ्या झाल्यावर अण्णाजींना तोड सापडली.

"पोरी, आजपासून आंधी लाभ म्हनाचं, मंग एक. लाभ लक्ष्मीचा, एक मॅडमचा. समजलं?"

आचलनं मान डोलावली. जरा विचार केला आणि पुन्हा डोलावली.

जीभ एका दिवसात सुधारली. अण्णाजींचा हात मात्र चाळीस वर्षांच्या सवयीचा होता. तोंडातून लाभ निघाला की हातातली पायली पिशवीत रिकामी व्हायचीच. "लाभ, एक, दोन, तीन, चार, पाच," असं आजा-नातीनं एका सुरात म्हणून शकुबाईला पाच पायल्या डाळ दिली. शकुबाईनं घरी डबा भरला, वर पायलीभर उरली. तिनं ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. फक्त दोन जावांना आणि पाण्यावर भेटलेल्या चौघींना.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात रांग लागली. शकुबाई तर एकदम पाच न घेता दिवसातून दोनदा दोन-दोन पायल्या नेऊ लागली.

"एवढी डाळ काऊन लागून राह्यली वो, शकुबाई?"

"पावने आलेत, अण्णाजी. पन तुमच्या आचलचं मोजनं आयकाले लय गोड लागते!"

अण्णाजी फुलले. नातीचं नाव झालं, असा त्यांनी अर्थ लावला. पोती मात्र विक्रीपेक्षा भरभर खाली बसत होती. त्यांनी उंदरांचा पिंजरा आणला. पिंजऱ्यात उंदीर आला नाही, म्हणून शेजारची मांजर आणून बांधली. मांजरीनं दूध मागितलं. डाळ घटतच राहिली.

शनिवारी साहेबांनी आचलसमोर वीस चिंचोके ठेवले. अण्णाजी पालकांच्या रांगेतल्या खुर्चीच्या अगदी कडेला आले.

"लाभ, एक, दोन..." आचल एकेक चिंचोका सरकवत गेली आणि थांबली. "एकोणीस!"

सदाशिवराव खाकरले. साहेब म्हणाले, "बाळ, नक्की किती आहेत?"

"वीस."

"मग एकोणीस का म्हणालीस?"

"म्हनाचे एकोणीस, द्याचे वीस. आबाजी लाभ म्हन्ते तवा बी पायली टाकते न! पाच म्हन्ते अन् सहा देते. दोन म्हन्ते अन् तीन देते. एक जास्तच."

बायांच्या रांगेत सगळ्यांना एकदम पदर सारखा करायची आठवण झाली. अण्णाजी खुर्चीतून अर्धे उठले. "मंग मले सांगतलं काऊन नाई, पोरी?"

"तुमीच म्हन्ता, गिऱ्हाइकासमोर मापाचं बोलू नाई."

साहेब मात्र उभे राहून टाळ्या वाजवू लागले. "पहिलीतल्या मुलीला 'एकनं जास्त' कळलं! तेही पुस्तकातून नाही, आजोबांच्या मापातून. पदरची डाळ वाटून नातीला गणित शिकवणारा पालक मी पहिल्यांदा पाहतोय. अण्णाजी, हा उपक्रम उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागेपर्यंत बंद करू नका!"

सगळ्यांत जोरात टाळ्या शकुबाईच्या. खांद्यावर शाल आणि हातात नारळ असलेल्या माणसाला अशा वेळी नाही म्हणता येत नाही. अण्णाजी हसले; दात दुखत असल्यासारखे.

हिशेब असा बसला: शाळेला शाबासकी, आचलला चॉकलेट, बायांना अडतीस पायल्या डाळ. भरणारे एकटे अण्णाजी, आणि अजून चार महिने बाकी. सदाशिवरावांचं तोंड तेवढं पडलं नाही. अडतीसमधल्या सात पायल्या त्यांच्याच घरी पोहोचल्या होत्या, आणि सभा उठायच्या आत त्यांनी बायकोला पिशवी आणायला पिटाळलं होतं.