यमूताईची न बिघडणारी गाडी

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, तिथली मंडळी अजून हयात आहेत) यमूताई नावाची एक साळिंदर राहायची. तिच्याकडे एक गाडी होती. हो, जंगलात गाडी होती. तुमच्या शाळेच्या एका दारावर ‘प्रयोगशाळा’ लिहिलंय ना? आत काय आहे ते मी कधी विचारलं का? मग तुम्हीही गप्प बसा आणि ऐका.

गाडी पन्नास वर्षांची, यमूताईच्या वडिलांनी घेतलेली. जंगलातल्या बाकी गाड्यांच्या इंजिनात पिस्टन होते, दिवसभर खालीवर खालीवर करणारे. या गाडीत पिस्टनच नव्हता. त्याच्या जागी समोशासारखा एक तिकोनी लोखंडी गोळा होता आणि तो गोल फिरायचा. बास, एवढंच.

आता इंजिन चारचौघांसारखं नाही म्हटल्यावर लोक बोलणारच. ते इंजिन दगा देतं, हे जंगलात सगळ्यांना माहीत होतं. कुणी पाहिलं होतं का? नाही. सशाला त्याच्या मेहुण्याने सांगितलं होतं आणि मेहुण्याला एका कावळ्याने. खरी गोष्ट अशी की ते इंजिन थोडं तेल पितं. फार पूर्वी ज्यांनी तसल्या गाड्या घेतल्या, त्यांनी तेल घालायचा कंटाळा केला. गाड्या जाम झाल्या आणि नाव इंजिनाचं खराब झालं.

यमूताई दर रविवारी इंजिनाला वाटीभर तेल पाजायची. गाडी सुरू केली की स्वतःचा चहा होईपर्यंत तिला जागेवरच गुणगुणू द्यायची आणि मगच निघायची. तिच्या हाती आल्यापासून तेवीस वर्षांत ती गाडी एकदाही बंद पडली नव्हती. त्या गाडीतून यमूताई आजारी जनावरांना घाट ओलांडून धनेशवैद्यांकडे पोचवायची. वडिलांच्या मागे आपलं म्हणावं असं तिला तेवढंच होतं.

रुग्णांना नेणारी दुसरी गाडी पंचायतीची. तिचं इंजिन नामांकित. नुसतं नाव घेतलं तरी म्हातारी वानरं आदराने कानाला हात लावायची. ती गाडी दर फेरीला बंद पडायची, पण तसं म्हणायची पद्धत नव्हती. कधी पेट्रोलात कचरा असायचा, कधी हवा दमट असायची, कधी चालवणाऱ्याचा पाय जड असायचा. इंजिनाचा दोष एकदाही निघाला नाही.

एके दिवशी सरपंच आबासाहेब गव्यांनी दवंडी पिटवली की जंगलात रुग्णांसाठी एकच गाडी राहील आणि दुसरी भंगारात जाईल. त्याआधी दोघींची परीक्षा होईल. पाणवठ्यापासून घाट चढून वैद्यांच्या दारापर्यंत जायचं आणि परत यायचं. यमूताईला आनंद झाला. भोळी हो बिचारी. तिला वाटलं, परीक्षा म्हणजे परीक्षाच.

दोन्ही गाड्या निघाल्या. घाटात तिसऱ्या वळणावर पंचायतीच्या गाडीने वाफ सोडली आणि ती उभी राहिली. झालं, सगळं जंगल तिकडे धावलं. जंगलात अकरा मेकॅनिक होते, ते सगळे आले. त्यांचा म्होरक्या रंगा वानर, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. एकाने बॉनेट उघडलं, एक खाली घुसला, एकाने नळी तोंडाने फुंकली आणि उरलेल्यांनी सल्ले दिले. दोन तासांनी गाडी खोकली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्या वेळात यमूताई वैद्यांकडे जाऊन, काढा पिऊन परतही आली होती. ते कुणी पाहिलंच नाही, कारण सगळे बॉनेटमध्ये डोकी घालून उभे होते.

संध्याकाळी सभा भरली. आबासाहेबांनी उस्तादाचं मत विचारलं. उस्ताद हात पुसत उठला.

“यमूताई, तुमच्या गाडीचा मेकॅनिक कोण?”

“कुणी नाही. कधी लागलाच नाही.”

“ऐकलंत मंडळी?” उस्ताद सभेकडे वळला. “हिच्या गाडीला अख्ख्या जंगलात एक मेकॅनिक नाही. पंचायतीच्या गाडीला अकरा आहेत. आता सांगा, घाटात गाडी बंद पडली तर कुठल्या गाडीत बसलेलं बरं?”

सभा हादरली. या बाजूने कुणी विचारच केला नव्हता.

“पण ती बंद पडत नाही,” यमूताई म्हणाली.

“अजून पडलेली नाही,” उस्ताद शांतपणे म्हणाला. “म्हणजे आता कधीही पडेल. आमची पडून मोकळी झाली.”

ठराव एकमताने झाला. यमूताईची गाडी सोमवारी भंगारात. ती घरी गेली, गाडीत बसली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. इथे हसू नका. इथे मला स्वतःला दरवेळी वाईट वाटतं.

शनिवारी आबासाहेबांनी ओढ्याकाठचा कोवळा, ओला चारा खाल्ला. किती खाल्ला? सरपंचांना कोण विचारणार. तासाभरात पोट ढोलासारखं फुगलं आणि श्वास घेता येईना. पंचायतीची गाडी तेव्हा गोणपाटावर होती, म्हणजे तिचे सुटे भाग होते. राहिली यमूताई. तिला नाही म्हणता आलं असतं. तुम्ही म्हटलं असतं, मीही म्हटलं असतं. तिने गाडी सुरू केली आणि चहाचं आधण ठेवलं. लोकांनी शिव्या घातल्या, सरपंचांचा जीव चाललाय आणि ही बाई चहा करतेय. चहा उकळल्यावर तो तसाच टाकून ती निघाली.

आबासाहेब मागच्या सीटवर आणि अकरा मेकॅनिक खबरदारी म्हणून टपावर. गाडी गुणगुणत घाट चढली. प्रत्येक वळणाला आबासाहेब डोळे मिटायचे, आता बंद पडणार म्हणून. वैद्यांचं दार आलं तरी ती पडली नाही. थोडा उशीर झाला असता तर खेळ आटोपला होता, असं वैद्य म्हणाले.

सोमवारी पुन्हा सभा झाली. आबासाहेब बोलायला उठले. अकरा जण टपावर बसले होते म्हणून गाडीची बंद पडायची हिंमत झाली नाही, असं त्यांनी सांगितलं. अकरा जणांना शाल आणि श्रीफळ मिळालं. यमूताईची गाडी भंगारातून वाचली, पण एका अटीवर. प्रत्येक फेरीला तिसऱ्या वळणावर गाडी बंद करायची, अकरा जणांनी ती तपासायची आणि मगच पुढे न्यायची.

यमूताईने अट पाळली. गंमत अशी की महिन्याभरात तिच्या गाडीचं नाव झालं. रोज बॉनेट उघडं दिसायला लागलं, तशी लोकांची भीती गेली. ससा मेहुण्याला सांगू लागला की पूर्वी काही खरं नव्हतं, पण आता इंजिन भरवशाचं झालंय.

पुढच्या वर्षी आबासाहेबांनी पुन्हा तोच चारा खाल्ला. या वेळी पोट जास्त फुगलं. यमूताईने गाडी घाटात सुसाट घातली. तिसरं वळण दिसलं तशी ती वळून म्हणाली, “आबासाहेब, हात जोडते. आज थांबत नाही.”

आबासाहेबांना बोलवत नव्हतं, तरी ते बोलले. “नियम माझाच आहे. थांबव.”

तिने गाडी बंद केली. अकरा जण टपावरून उतरले. बॉनेट उघडलं, कुणी खाली घुसला, कुणी नळी फुंकली. इंजिन बंद पडल्याची शांतता ऐकून आबासाहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

“आता कसं,” ते म्हणाले, “निर्धास्त वाटलं.”

त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

शोकसभा मोठी झाली. उस्तादाने भाषण केलं, धनेशवैद्य खाली मान घालून बसले आणि यमूताई सभेला आलीच नाही. गाडीबद्दल मात्र कुणाचीच तक्रार नव्हती.

तात्पर्य : बाळांनो, नीट चालणाऱ्यावर विसंबू नका, त्याचा काही नेम नसतो. भरवसा त्याच्यावर ठेवा, जो बंद पडला की दुरुस्तीला अकरा जण येतात. पोचायचं राहून जाईल कदाचित, पण वाटेत एकटं नाही वाटणार.