डाव्या अंगाची चाळीस भोकं

‘गरुड’ हे टोपणनाव मी स्वतःच स्वतःला ठेवलं. लोकांवर सोपवलं असतं तर फार वेळ गेला असता. माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही. जे सुटतं ते महत्त्वाचं नसतं, असं माझं शास्त्र सांगतं. तपासाला मेहुणा सोबत असतो. ती बायकोची अट आहे.

वर्कशॉपच्या मालकांनी आम्हाला बोलावलं, तेव्हा ड्रिल मशीनवरचे काका सामान आवरत होते. बावीस वर्षांची नोकरी जायच्या बेतात होती. गिऱ्हाइकाला चाळीस ब्रॅकेटांच्या उजव्या अंगाला भोक हवं होतं. काकांनी चाळिसांनाही डाव्या अंगाला पाडलं होतं. सगळा माल परत आला होता.

“ड्रॉइंगप्रमाणेच पाडलंय,” काका म्हणाले. “समोरच्या चित्राच्या उजवीकडे जे चित्र असतं, ते वस्तू डावीकडून बघून काढलेलं असतं. इथे आम्ही पहिल्यापासून असंच वाचतो.”

“उजवीकडचं म्हणजे डावीकडचं!” मी मेहुण्याच्या कानात म्हणालो. “जबाब फिरवतोय.”

माणूस डावखुरा असणार, हे मी ताडलं. सही करायला लावली. काकांनी ती उजव्या हाताने केली. म्हणजे डावखुरेपणा लपवतोय, हेही सिद्ध झालं.

मग मी ड्रॉइंगवर भिंग धरलं. कोपऱ्यातल्या चौकटीत एक आडवी पडलेली बादली होती आणि तिच्या बुडापाशी एकात एक दोन वर्तुळं.

“टोळीची खूण!”

“कसली टोळी, भावोजी?”

“बादली आडवी, म्हणजे पाणी सांडलेलं. पाय घसरेल, अशी धमकी आहे. वर्तुळं म्हणजे बेड्या.”

“एकात एक?”

“सराईत लोक आहेत.”

इतक्यात ड्रॉइंग विभागातल्या बाई आल्या. आठवड्याच्या रजेनंतरचा त्यांचा पहिलाच दिवस होता. पर्स खांद्यावरच ठेवून त्यांनी कागदावर एक नजर टाकली.

“अहो, हे थर्ड अँगल पद्धतीने काढलेलं आहे. आपण फर्स्ट अँगलवाले. थर्डमध्ये उजवीकडून दिसतं ते उजवीकडेच काढतात. ती खूण तेवढंच सांगायला असते. वर्तुळं बुडापाशी असली तर थर्ड, तोंडापाशी असली तर फर्स्ट.”

“मग हे कुणीतरी आधी बघायला नको?” मालक काकांवर गरजले.

“हवंच होतं,” बाई म्हणाल्या. “‘तपासले’च्या पुढे सही आहे की. तुमची.”

मालकांनी सही डावीकडून बघितली, मग उजवीकडून. दोन्हीकडून त्यांचीच निघाली.

“काका, निघालात कुठे?” ते म्हणाले. “मशीनवर जा. नवे तुकडे घ्या.”

काकांनी पहिला तुकडा मशीनवर बसवला, ड्रिल खाली आणलं आणि थांबले.

“आता नक्की कुठल्या बाजूला?”

प्रकरण माझं होतं. मी ठामपणे बोट दाखवलं. बाईंनी माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या बाजूला वळवलं.