गुलाबाच्या पाकळ्या आणि आप्पांची ट्रंक

चाळीस वर्षांत आप्पांची एकही कवळी परत आली नव्हती. हे आप्पा स्वतःच सांगत, आणि दिवसातून निदान दोनदा सांगत! नळ दुरुस्त करायला माणूस आला की त्याला, चुकून लागलेल्या फोनवरच्या अनोळखी बाईला, आणि घरात दुसरं कुणी सापडलं नाही तर सूनबाईला. ती बिचारी ओट्याशी साखरेची फुलं करत उभी असायची. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे पळून जायची सोय नसायची.

आप्पांनी आयुष्यभर दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून दिल्या. डॉक्टर नुसतं माप घ्यायचे, बाकी सगळी करामत आप्पांची, गिऱ्हाइकाच्या हातात कवळी देण्यासकट. दोन वर्षांपूर्वी डोळे थकले म्हणून त्यांनी काम बंद केलं. डोळे थकले तरी हात काही थकले नव्हते. ते सारखे काहीतरी मागत. मग आप्पा घरातले स्क्रू घट्ट करत. घट्ट असलेलेही!

सूनबाईचा धंदा केकचा. मुलगा महिन्यातले वीस दिवस कामानिमित्त बाहेरगावी, त्यामुळे घरात ही दोघंच. स्वयंपाकघर तिचं, बाल्कनी आप्पांची, आणि मधल्या टेबलावर दोघांचा तह झालेला. त्या तहात एक कलम होतं. माळ्यावरची आप्पांची पत्र्याची ट्रंक या रविवारपर्यंत भंगारात द्यायची, म्हणजे केकचे डबे तिथे मावतील. आप्पांनी ते मान्य केलं होतं. ट्रंक खालीही आणली होती. आता ती उघडून ते रोज तिच्यासमोर बसत, एवढंच.

त्या आठवड्यात सूनबाईला तिची पहिली मोठी ऑर्डर मिळाली. गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंच्या आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस. तीन मजली केक, आणि वर फुलकोबीच्या गड्ड्याएवढा एकच उमललेला गुलाब. सगळा साखरेचा.

"जमला तर वाचनालयाच्या शंभराव्या वर्षाचा केकही आपल्याकडेच," सूनबाई म्हणाली. "आणि फसला तर परत शेजाऱ्यांच्या पोरांचे वाढदिवस."

"फसेल कसा? मी आहे ना!" आप्पा म्हणाले.

सूनबाईने कोपरापासून हात जोडले.

साखरेची पाकळी करणं दिसतं तितकं सोपं नाही. शुगर पेस्ट कागदासारखी पातळ लाटायची, कापायची, फोमच्या गादीवर ठेवून टोकाला गोळी असलेल्या काडीने कडा हलकेच दाबायच्या, म्हणजे त्यांना लाटा येतात. मग ती ओली पाकळी एका खोलगट प्लास्टिकच्या वाटीत एक अख्खा दिवस वाळवायची. वाटीचा आकार तोच पाकळीचा आकार. सूनबाईकडे अशा बारा पांढऱ्याशुभ्र वाट्या होत्या. खास मागवलेल्या. त्यांना ती जिवापाड जपायची.

बुधवारी सकाळी ती लोणी आणायला बाहेर गेली. आप्पांच्या मनात आलं, आपली मेणाला आकार द्यायची स्टीलची हत्यारं ट्रंकेत गंजत पडली आहेत. त्या काड्यांपेक्षा कितीतरी नाजूक! सूनबाईला भेट देऊ. पण स्वच्छ करून. त्यांनी मोठं पातेलं चढवलं, पाणी खळखळ उकळलं, हत्यारं टाकली. तेवढ्यात शेजारी त्या बारा वाट्या दिसल्या. एवढं पाणी उकळतंच आहे, तर याही निघतील लख्ख! आप्पांनी बाराच्या बारा आत सोडल्या आणि वर झाकण ठेवलं.

ज्या माणसाने चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगितलं की कवळी उकळत्या पाण्यात घालायची नाही, वाकडी होईल, त्याच माणसाने हे केलं! असो.

सूनबाई परत आली तेव्हा पातेल्यात बारा पांढरे पापड तरंगत होते.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं आप्पांना वाटलं. ती स्टुलावर बसली आणि हातातली लोण्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून तशीच राहिली.

"दुकानातून आणू या की!" आप्पा म्हणाले.

तिने फोन केला. वाट्या सोमवारी येणार होत्या. केक शनिवारी दुपारी चारला द्यायचा होता.

"चमच्यात वाळवल्या तर?"

"चमचा लहान पडतो, आप्पा. बाहेरच्या पाकळ्या तळहाताच्या खळग्याएवढ्या हव्यात." तिने तळहाताचा खळगा करून दाखवला. "एवढाच खोलगटपणा, आणि एकसारखा. घरात असं काहीच नाही."

आप्पांना फार वाईट वाटलं. त्यांनी मान खाली घातली, आणि मान खाली घातली म्हणून त्यांना ट्रंक दिसली.

ट्रंकेत काय होतं? तोंडं होती! म्हणजे प्लास्टरची. कवळी बनवायची तर आधी माणसाच्या बोळक्या तोंडाचं माप येतं, त्यात प्लास्टर ओततात, आणि जबड्याची हुबेहूब प्रतिकृती तयार होते. भोवती हिरड्यांचा गोल काठ, मधे टाळूचा खळगा. आप्पांनी एक उचलून खळग्यात अंगठा फिरवला. तळहाताच्या खोलीएवढा, गुळगुळीत, सुबक. आणि टाळूच्या पुढच्या भागाला त्या बारीक बारीक रेघा! अगदी पाकळीच्या शिरांसारख्या!

"सूनबाई," आप्पा खाकरून म्हणाले, "माझ्याकडे काही जुने साचे आहेत. वाट्यांसारखेच. तू पाकळ्या लाट, वाळवायचं माझ्यावर सोड."

"कसले साचे?"

"कामाचे."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. सूनबाईला जास्त विचारायला वेळही नव्हता. आप्पांनी बारा उत्तम टाळू निवडल्या, घासून धुतल्या, वाळवल्या, वर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक ताणून बसवलं, त्यावर कॉर्नफ्लॉवर भुरभुरवलं. ती ओट्यावरून पाकळ्या देत गेली, आप्पा बाल्कनीत त्या खळग्यात निजवत गेले आणि कडेने बोटाने दाबत गेले. स्टीलची हत्यारंही कामाला आली. एक साचा तर इतका खोल आणि देखणा होता की त्यात त्यांनी गुरुवारी आणि शुक्रवारी अशा दोन पाकळ्या वाळवल्या. एक सुटी असावी म्हणून. बाल्कनीत पंखा लावून ते स्वतः राखणीला बसले. कबुतर फिरकलं तर छत्री उघडायची, असा बंदोबस्त.

शनिवारी सकाळी सूनबाईने पहिली पाकळी उचलली आणि उजेडात धरली.

"आप्पा! अहो, या शिरा बघा! खऱ्या गुलाबाला नसतील इतक्या खऱ्या!"

आप्पांची छाती फुगली. "आपलं काम असंच असतं. चाळीस वर्षांत..."

"आणि या दोघींच्या पाठीला मधोमध खळी पडली आहे. किती गोड!" ती साचा हातात घेऊन निरखू लागली. "पण आकार कसला म्हणायचा हा? घोड्याच्या नालासारखा..." तिने तो उलटा केला. खाली पेन्सिलीने आप्पांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: *वरची कवळी. टाळूला मधे उंचवटा. सांभाळून!*

तिने साचा पुन्हा सुलटा केला.

"आप्पा."

"हं."

"हे कुणाचं तरी तोंड आहे?"

"तोंडाची नक्कल आहे. प्लास्टरची. ही स्वतः कुणाच्या तोंडात कधी गेलेली नाही! शिवाय मधे प्लास्टिक होतं. तुझ्या त्या वाट्यांपेक्षा स्वच्छ आहे."

सूनबाईने घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. तिने बारा जबड्यांकडे पाहिलं, आणि त्यांत बसलेल्या, आयुष्यात केल्या नव्हत्या इतक्या सुंदर पाकळ्यांकडे पाहिलं. मग तिने हात धुतले.

"तिथे एक शब्द बोलायचा नाही," ती म्हणाली. "साचे नाहीत, कवळ्या नाहीत, चाळीस वर्षं तर अजिबात नाहीत."

"नाही बोलणार."

गुलाब अप्रतिम झाला. खळीवाली एक पाकळी दर्शनी भागात बसली, दुसरी कापसात गुंडाळून छोट्या डबीत गेली. वाटेत एखादी पाकळी मोडली तर असावी म्हणून. सूनबाईने गाडी चालवली आणि आप्पा गुलाबाचं खोकं मांडीवर घेऊन असे बसले, की जणू श्वास सोडला तरी पाकळी हलेल.

ग्रंथपालबाईंच्या घराचं दार उघडलं ते उत्सवमूर्तीनेच. बारीक चणीची, ताठ बसणारी-उठणारी म्हातारी. ती हसली आणि आप्पांच्या हातातलं खोकं डुगडुगलं. आप्पा माणसं चेहऱ्यावरून विसरत, पण दातांवरून कधीच नाही! समोरच्या दोन दातांत बारीकशी फट. "माझ्या खऱ्या दातांत होती तशीच ठेवा," असं एकाच गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. गाण्याच्या शाळेतल्या बाई! वीस वर्षांपूर्वी! टाळूला मधे उंचवटा!

आप्पांनी सूनबाईकडे पाहिलं. भुवया उंचावल्या, डोळ्यांनी बाईंच्या तोंडाकडे खूण केली, मग खोक्याकडे. सूनबाईला आधी वाटलं आप्पांना चक्कर येते आहे. मग तिला उमगलं, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

ग्रंथपालबाई गच्चीवर खुर्च्या मांडत होत्या. केक टेबलावर चढला, गुलाब वर बसला. गाण्याच्या बाई चष्मा लावून तो बघत राहिल्या.

"हा सगळा साखरेचा? खाता येतो?"

"येतो ना," सूनबाई म्हणाली. "पण कडक असतो जरा."

"मग चाखायला एखादी सुटी पाकळी असेल ना?"

सूनबाई "नाही" म्हणणार तोच आप्पांच्या हाताने डबी पुढे केली! त्यांनी नव्हे, हाताने. इतक्या वर्षांची सवय. गिऱ्हाइकाने मागितलं की द्यायचं.

"कडक गोड मी दात काढून चघळते," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, कवळी रुमालात घेतली, पाकळी तोंडात ठेवली आणि वळल्या. मग एकदम थांबल्या. जीभ आतल्या आत फिरली. भुवया वर गेल्या. सूनबाईने टेबलाची कड घट्ट धरली. ऑर्डर गेली, वाचनालयाची शंभर वर्षंही गेली!

बाईंनी तोंड उघडलं आणि एक सूर लावला.

लांब, स्वच्छ, न थरथरणारा. खोलीभर पसरला आणि बराच वेळ राहिला.

"बसली!" बाई म्हणाल्या. "अगदी घट्ट बसली! खटखट नाही, काही नाही. वीस वर्षांत असा सूर लागला नव्हता हो माझा. ही पाकळी माझ्या टाळूला अशी कशी बसली?"

आप्पांना राहवेना. सूनबाईला दिलेला शब्द, वय, अब्रू, सगळं बाजूला ठेवून ते म्हणाले, "बाई, मी... तुमची कवळी मीच केली होती. तुमच्या टाळूचा साचा अजून आहे माझ्याकडे. ही त्याच्यावरच वाळवली. माफ करा."

बाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तुम्ही होय! मग कवळी केलीत तेव्हा हा साचा कुठे ठेवला होतात?"

आप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"थांबा, विरघळायला लागली आहे, भराभर बोलून घेते," बाई म्हणाल्या. "त्या तुमच्या कवळीने वीस वर्षं छळलं मला. मधे टोचते, गाताना हलते, 'ई' म्हटलं की बाहेर यायला बघते. शेवटी गाणं शिकवणंच सोडलं मी!"

"पण बाई... मग परत का नाही आणलीत?"

"आणणार होते. पण तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, आजवर माझी एकही कवळी परत आलेली नाही. इतक्या कौतुकाने सांगितलंत! म्हटलं, आपण कशाला पहिलं व्हायचं?"

आप्पांना ट्रंक आठवली. तिच्यातली ती सगळी तोंडं. सभ्य, समजूतदार, गप्प बसलेली.

तेवढ्यात ग्रंथपालबाई धावत खाली आल्या. "आई! तू गात होतीस?" मग त्यांना केक दिसला, आणि त्या दारातच थबकल्या. "अगं बाई! काय गुलाब आहे! तुम्ही शिरा कशा हो काढल्यात या?"

गाण्याच्या बाई गालातल्या गालात उरलेली पाकळी चघळत म्हणाल्या, "धंद्यातलं गुपित असतं ते. विचारू नये. वाचनालयाचा केकसुद्धा यांनाच सांग." आणि त्यांनी हातातला रुमाल, त्यातल्या ऐवजासकट, हळूच आप्पांच्या खिशात सरकवला. "नवी करून द्या. त्याच साच्यावर. तोवर माझी त्याआधीची जुनी कवळी आहे, ती निभावेल."

परत येताना गाडीत आप्पा खिशावर हात ठेवून बसले होते. सूनबाईचा चेहरा मात्र हसू दाबून दाबून लाल झाला होता.

"ट्रंक राहू दे माळ्यावर," शेवटी ती म्हणाली. "डब्यांचं बघू काहीतरी."

"माळ्यावर नको, खालीच असू दे," आप्पा म्हणाले. "एकेकाला फोन करायचा आहे."

गाडी घराच्या वळणावर आली. आप्पांनी रुमाल बाहेर काढून जरासा उघडला आणि फटीच्या त्या दोन दातांकडे पाहिलं. "डोळे थकले असले तरी करीन म्हणतो. आधी हिला जरा स्वच्छ करतो."

"करा," सूनबाई म्हणाली. "पण उकळायची नाही हं, आप्पा!"