सामाईक ढीग

अँडीज पर्वतातल्या उंच माळांवर विकुनांचा अभ्यास करायचा असेल, तर आधी विकुनांना आपला अभ्यास करू द्यावा लागतो. विकुना म्हणजे उंटाच्या कुळातला, पण हरणासारखा नाजूक प्राणी. साताऱ्याच्या प्राणिअभ्यासक शैलजा दाबके ही अट मान्य करूनच आल्या होत्या. विकुनाचं पिल्लू जन्मताना बघायचं, एवढीच त्यांची आयुष्यभराची हौस.

अभ्यासाच्या प्राण्याला खूण करतात तसा कळपाने रीतसर त्यांच्या कानात लाल लोकरीचा गोंडा अडकवला. शैलजाताई तंबूबाहेर दुर्बीण लावून बसत, तेव्हा कळपातली थोरली मादी समोर बसून त्यांना न्याहाळे. त्यांच्या चहाच्या वेळी तर आणखी दोघीतिघी येत.

पिल्लांचा हंगाम तोंडावर आला आणि थोरलीने निष्कर्ष सांगितला.

“तुम्ही कळपातल्या नाही. उद्या माळ सोडा.”

“माझं चुकलं काय?”

“ते सांगायची पद्धत नाही. तुम्ही तरी आम्हाला कुठे काही सांगता?”

शैलजाताई रडवेल्या होऊन जवळच लोकरीसाठी अल्पाका पाळणाऱ्या दोन्या फेलिपाकडे, म्हणजे फेलिपाबाईंकडे, गेल्या. फेलिपाने सगळं शांतपणे ऐकलं आणि परसाकडे कुठे जाता, म्हणून विचारलं. शैलजाताईंनी लाजत दूरच्या खडकाकडे बोट केलं. वळणच तसं, धापा टाकत का होईना, रोज आडोशाला जात.

“तिथेच घोळ झाला. विकुनांचा अख्खा कळप एकाच ढिगावर जातो. लपून जाणारा तो परका.”

“अहो, पण सगळ्यांदेखत?”

“सेन्योरा, तुम्ही त्यांचं बाळंतपण बघायला आलात. मग लाज तेवढी तुमचीच का?”

सकाळी शैलजाताई छत्री घेऊन ढिगापाशी रांगेत उभ्या राहिल्या. पाळी आल्यावर छत्री उघडून आड धरली. नंतर कळपाच्या नराने ढीग हुंगला, पसंतीची मान डोलावली आणि तो चरायला गेला.

ऊन तापायच्या आत पिल्लू जन्मलं. लटपटत उठलं, पडलं, पुन्हा उठलं. शैलजाताईंना दुर्बिणीतून काही दिसेना; डोळेच भरून आले होते.

पुढे एका सकाळी पिल्लू प्रथमच ढिगापाशी गेलं आणि सगळ्यांकडे बघत अवघडून उभं राहिलं. थोरलीने शैलजाताईंकडे पाहिलं.

“तुमच्यावर गेलंय,” ती म्हणाली.

शैलजाताईंनी छत्री उघडून पिल्लाच्या आड धरली आणि स्वतः दुसरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.