जगूकाकांच्या दोन भिंती

जगूकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटतात, मग माणसांना. चप्पल दारात काढायची, मधल्या बोटानं भिंतीवर दोनदा टकटक करायची, कान लावायचा, आणि मगच विचारायचं, "काय, बरं हाय ना?" लग्न होऊन मी वसईजवळच्या निर्मळला आले त्या दिवशी माप ओलांडून जेमतेम आत आले होते. डोक्यावरचा पदर घसरतोय, पायाला कुंकू लागलंय, आणि एक उंच, काळासावळा म्हातारा गर्दीतून पुढे येऊन आमच्या ओटीची भिंत ठोकतोय. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाय, या भिंतीत चार हजार दोनशे इटा हायेत. मी सोता लावल्यात. घाबरू नको."

सासरी पहिल्या दिवशी मला धीर देणारा माणूस हा असा, आणि तोही विटांच्या भरवशावर.

माझं माहेर एव्हरशाईन सिटीत, चौथ्या मजल्यावर. नोकरी एका बांधकाम ठेकेदाराच्या ऑफिसात, एस्टिमेटं काढायची. म्हणजे भिंतीशी माझा संबंध फक्त कागदावरचा. लांबी, उंची, जाडी, दर, खाली बेरीज. जगूकाका शेजारीच राहतात हे सांगताना नवरा म्हणाला, "तुमचं जमेल. तेही गवंडी होते, अर्ध्या गावाची घरं त्यांनीच बांधलीत." जमलं कसलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "एस्टिमेटात चाय धरतेस का?"

मी म्हटलं, "चहा कशाला धरायचा काका? किरकोळ खर्च म्हणून टक्केवारी लावतो आम्ही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू घराला पायाच घ्यायला विसरले होते. तरुणपणी त्यांनी पहिलं काम अंगावर घेतलं तेव्हा विटा धरल्या, रेती धरली, सिमेंट धरलं, मजुरी धरली. चहा विसरले. बारा माणसं, दिवसातून दोनदा, सात महिने. त्या कामात सुटलं काहीच नाही, उलट काकूंच्या पाटल्या गेल्या. तेव्हापासून कुणी कशाचाही खर्च सांगितला की काकांचा एकच प्रश्न, "चाय धरली का?" डोळ्याच्या डॉक्टरनं मोतीबिंदूचा आकडा सांगितला तेव्हा त्यालाही विचारलं. तो बिचारा म्हणाला, "आजोबा, ऑपरेशनच्या आधी काही प्यायचं नाही." काका म्हणाले, "मी माझं नाय बोलत. तुमच्या मानसांचं बोलतो."

आता लाकडाचं प्रकरण.

काकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी माधू, ती कॅनडात. नवरा, दोन पोरं, नोकरी. दर रविवारी सकाळी आठला तिचा फोन येतो. काकांच्या घरी, केळीच्या वाडीच्या आत, मोबाईलला नेट पकडत नाही. त्यामुळे ते आमच्या वायफायवर, आमच्या ओटीवर येऊन बसतात. इस्त्रीचा सदरा घालून, केसांना पाणी लावून, पावणेआठलाच. पूर्वी हा फोन म्हणजे तीन प्रश्न असायचे. चहा झाला का? गोळी घेतली का? पाऊस आहे का? तीन वेळा "हो" किंवा "नाय" आणि बरं ठेवते. मी त्यांच्यासाठी गॅसवर चहा ठेवायचे. त्याला उकळी यायच्या आत फोन संपलेला असायचा.

मग दोन वर्षांपूर्वी काकांनी वाडीत नवीन घर बांधायचं काढलं. जुन्या घरात दोनच खोल्या, माधू पोरं घेऊन आली तर झोपणार कुठं, हा विचार. फोनवर त्यांनी तिला विटांचा भाव सांगितला, तर ती सहज म्हणाली, "बाबा, लाकडाचं का नाही बांधत? आमचं इथलं घर लाकडाचंच आहे. विटांपेक्षा स्वस्तात होतं."

मी स्वयंपाकघरात होते. बाहेर इतकी शांतता पसरली की मला वाटलं नेट गेलं.

"लाकडाची खाट करतात," काका शेवटी म्हणाले. "लाकडाचं घर कोन करतो?"

"सगळे करतात बाबा. लाकडाचा सांगाडा उभा करायचा, दोन्ही बाजूंनी फळ्या ठोकायच्या, तीन महिन्यांत राहायला. थांब, ऐकवते." आणि तिनं तिथली भिंत टकटक वाजवली. काकांनी फोन कानाला लावला.

"पोकळ हाय."

"आत कापसासारखं भरलेलं असतं. थंडी येऊ नये म्हणून."

"कापूस? मग गादीत राहतेस असं सांग ना."

त्या दिवशी चहा उकळला, गाळला, निवला, परत गरम केला, तरी फोन चालूच. चाळीस वर्षं विटा लावलेल्या माणसाला पोटच्या पोरीनं लाकूड स्वस्त सांगावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं असं मला वाटलं. पुढच्या रविवारी ते कागद घेऊनच आले.

आणि त्या आठवड्यात त्यांच्या अंगणात दोन भिंती उभ्या राहिल्या. खरंच सांगते. कमरेएवढ्या, शेजारीशेजारी. एक विटांची, प्लास्टर केलेली. दुसरी लाकडाच्या सांगाड्याची, माधू सांगेल तशी, वखारीतून पाईनचं लाकूड आणून स्वतः ठोकलेली. तोंडी खर्चावर काकांचा विश्वास नाही, भिंत उन्हापावसात काय खाते ते बघायचं. दोन्ही भिंतींना एकेक खिळा, आणि खिळ्याला केळ्यांचं एकेक लोंगर लटकवलेलं. वजन पेलतं का ते कळायला. लाकडात खिळा एका ठोक्यात गेला, विटांत ड्रिल मागून आणावं लागलं. तो एक गुण त्यांनी प्रामाणिकपणे लाकडाला दिला, पण दोन दिवस आमच्याशी धड बोलले नाहीत.

येणाऱ्याजाणाऱ्याची सुटका नव्हती. फुलांची पोतडी घेऊन स्कूटरवरून निघालेल्या माणसाला थांबवून ते दोन्ही भिंतींना टेकून बघायला लावत. पोस्टमन टेकला. गॅसवाला टेकला. लाकडी भिंतीची एक फळी मुद्दाम उघडी ठेवली होती, आत ओल येते का बघायला. त्या पोकळीत मांजर व्यालं. काकांनी रविवारी माधूला सांगितलं, "तुझ्या भिंतीत भाडेकरू आलेत. चार पिल्लं."

"बघ, विटांच्या भिंतीत जागा तरी आहे का कुणाला?" माधू म्हणाली.

यावर वीस मिनिटं.

मग पाया आला. लाकडाचं घर हलकं, पाया कमी लागतो, हा मुद्दा माधूचा. वाळवी आली, ती काकांची. विटांवर पंधरा दिवस पाणी मारायला माणूस लागतो, हे माधूनं कुठून तरी शोधून काढलं आणि काका चाट पडले. खारी हवा आली, खिळ्यांचा गंज आला. कधी वाटायचं झालं आता, बेरीज मारतील. तेवढ्यात काका खिशातून चिठ्ठी काढत, "माधू, कौलांखालच्या रिपा धरल्या का?" की परत पहिल्यापासून.

माझा स्वभाव तापट आहे, लपवत नाही. आठवडाभर ऑफिसात एस्टिमेट, आणि रविवारी एक दिवस उशिरा उठावं म्हटलं तर माझ्याच ओटीवर माझ्याच वायफायवर एस्टिमेट, तेही कॅनडापर्यंत हाक जाईल अशा आवाजात. दोन वर्षं. शेवटी माझं डोकं सणकलं. नवऱ्याला म्हटलं, "हे मी एका झटक्यात संपवते." तो म्हणाला, "नको त्या भानगडीत पडूस." मी पडले.

तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून मी दोन्ही घरांचं रीतसर एस्टिमेट काढलं. तेच क्षेत्रफळ, त्याच खोल्या, तेच छप्पर. वसईतले विटांचे दर, बाहेरून येणाऱ्या लाकडाचे दर, वाळवीचं औषध, सुतारांची मजुरी, पाया, सगळं. लाकडाचं घर लवकर होत होतं, पायातही वाचत होतं, तरी बेरजेत विटांचं घर स्वस्त निघालं. फार नाही, थोडंसंच. मी छान छापून फाईल केली, काकांच्या हातात ठेवली, आणि शहाणपणा म्हणजे एवढा की एक प्रत माधूलाही मोबाईलवर पाठवून दिली.

"काका, तुम्ही जिंकलात," मी म्हटलं.

काकांनी शेवटचं पान बघितलं. मला वाटलं होतं, गावभर पेढे वाटतील. ते म्हणाले, "एवढ्यात झालं?" आणि फाईल काखेत मारून घरी गेले.

रविवारी पावणेआठला आले. इस्त्रीचा सदरा, ओले केस. खिशात चिठ्ठी होती, मला दिसली. मी चहा ठेवला. फोन आला.

"बाबा, तू बरोबर होतास हं. विटांचंच बांध. मेघानं फार मस्त काढलंय सगळं." मेघा म्हणजे मी. मग माधूनं विचारलं, "चहा झाला का? गोळी घेतली का? पाऊस आहे का?"

हो. हो. नाय.

"बरं, ठेवते."

पातेल्यात कडेनं नुसते बुडबुडे आले होते. मी चिमटा हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाहेर काका फोनच्या काळ्या पडद्याकडे बघत बसले होते. मग त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली, वाचली, चार घड्या घातल्या आणि परत ठेवली.

दोन वर्षं हा माणूस काय मोजत होता ते मला त्या बुडबुड्यांकडे बघताना कळलं, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की चहा घेऊन बाहेर जाववेना. लाकूड कसलं आणि विटा कसल्या. मी त्यांचा लेकीबरोबरचा रविवारचा तास काढून घेतला होता, छापून, फाईल करून.

पुढचा रविवारही तसाच गेला. अंगणातल्या भिंतींना कुणी टेकेना. खिळ्यांवरची केळी काळी पडली, चिलटं घोंगावायला लागली, तरी काकांनी लोंगर बदललं नाही. एकदा ते आमच्याकडे आले आणि भिंत न ठोकताच बसले. "सांगितलं होतं" असं नवऱ्यानं ऐकवलं नाही, ते त्याचे उपकार.

मी रात्रंदिवस त्या एस्टिमेटात चूक शोधत होते. एरवी साहेब माझ्या कागदांत शोधतात, आता मीच. पाया बरोबर. छप्पर बरोबर. दर बरोबर. आणि शुक्रवारी ऑफिसात चहावाला टेबलावर कप ठेवून गेला तेव्हा सापडली.

रविवारी मी काकांच्या शेजारीच बसले. फोन आला. माधू "चहा" म्हणायच्या आत मी फोन काकांच्या हातातून घेतला.

"माधू, माझी फार मोठी चूक झालीये. एस्टिमेट रद्द धर. मी चायच धरली नाही."

काकांनी मान वर केली.

"विटांचं काम वर्षभर चालणार," मी म्हटलं, "बारा माणसं, दिवसातून दोनदा. लाकडाचं तीन महिन्यांत, पाच सुतार. दोन्ही घरांत फरक होता तो एवढासाच. चाय धरली तर कुठलं स्वस्त पडेल, मला नाही सांगता येत."

पलीकडून माधूचा आवाज आला. "तरीच म्हटलं. दोन रविवार मलाही काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बाबा, तुमच्याकडे माणशी किती चहा धरायचा?"

काकांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "ते मागून. आधी सांग, तुमच्या तिकडचे सुतार चाय पितात का कॉफी?"

"कॉफी. मोठ्ठे पेले भरून."

"मग गेलं तुझं लाकूड," काका म्हणाले आणि मांडी घालून नीट बसले. मागे न बघताच त्यांनी आमच्या भिंतीवर दोनदा टकटक केली. "दूध वेगळं धरायचं का? आनि पावसात काम बंद असलं तर? मानसं बसून चाय जास्तच पितात, बाय."

मी आत जायला उठले. नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, तुम्हाला टाकू ना?"

त्यांनी फोनवर हात ठेवला. "तुझी धर, माझी धर," ते हळू म्हणाले, "आनि एक माधूची पन धर."

मी तीन कप पाणी ठेवलं.