बिरादार सरांचा एडिटर

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात खिळ्याला एक माऊस शेपटीनं टांगलेला आहे. बिघडलेला नाही, चांगला चालू आहे. शिवराज बिरादार सर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी तो टेबलावरून उचलला, वायर नीट गुंडाळली आणि टांगून टाकला. कुणी विचारलं की म्हणायचे, "हात उचलायचा न्हाई, सर. कीबोर्डावरून हात उचलला की इचार तुटतो."

मी लातूरला याच कॉलेजात इतिहास शिकवतो. मूळचा नांदेडचा, त्यामुळे लातूरच्या माणसांना नावं ठेवायचा मला हक्कच आहे असं मी धरून चालतो. पण बिरादार सरांना नावं ठेवायला नांदेडचं असायची काही गरज नव्हती. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळेच ते काम आवडीनं करायचे.

सगळ्या भानगडीचं मूळ त्यांचा तो एडिटर. एडिटर म्हणजे मजकूर लिहायचं साधन, तुम्ही-आम्ही अर्ज टाइप करतो तसलंच. फक्त ह्याचा पडदा काळाकुट्ट, वर ना चित्रं ना काही. सगळं काम बटनं दाबून. आणि खुबी अशी, की कुठल्या बटनानं काय व्हावं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. एखादी सोय नसली तर स्वतः लिहून त्याला जोडायची. म्हणजे घर बांधून झालंय, राहायला जायचंय, पण दारंखिडक्या अजून रोज इकडून तिकडं हलवता येतात. ही मोकळीक बिरादार सरांच्या हाती लागली आणि माणूस कामातून गेला.

मी कधीही डोकावलो तर हे काहीतरी जोडून राहिलेले. "बगा सर, आता दोन बटनं दाबली की सगळ्या ओळी एका रांगेत." मी म्हणायचो, ओळी कुठायत? तर हसायचे. "त्या येतील हो. आधी बैठक तर नीट घालू द्या."

एकदा प्राचार्यांचा कॉम्प्युटर बंद पडला आणि ते घाईघाईत सरांच्या मशीनवर पत्र लिहायला बसले. पहिलं अक्षर दाबलं तर पडद्याचे दोन भाग झाले. दुसरं दाबलं तर मजकूर उलटा पळायला लागला. घाबरून त्यांनी बाहेर पडायचं ठरवलं, पण बाहेर पडायचं बटन सरांनी आपल्या सोयीनं दुसरीकडंच नेऊन बसवलेलं. शेवटी साहेबांनी खाली वाकून प्लग उपटला. धूळ झटकत उठले आणि मला म्हणाले, "अहो, हे मशीन आहे का भुताटकी?" बिरादार सर दारात उभे. त्यांना वाईट वाटलं ते प्लगचं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? तर एका पुस्तकासाठी. सरांचं गाव देवणीजवळ. त्यांचे वडील, अप्पा, देवणी जातीच्या जनावरांचे जाणकार. बैल घ्यायचा तर अप्पांना सोबत न्यायचं, अशी पंचक्रोशीची रीत. अप्पांच्या डोक्यात जे आहे ते कागदावर आणायचं, अप्पा आहेत तोवर आणायचं, असं सरांनी मनावर घेतलं होतं. आणि ते लिहायला एडिटर जनावरांच्या माहितीला जुळेल असाच पाहिजे म्हणून ही सगळी मशागत. नांगरट झाली, कुळवणी झाली, पुन्हा नांगरट. पेरणीचं नाव नाही.

अप्पांचा दर रविवारी सकाळी फोन यायचा. मी सरांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतो. वहिनींच्या हातच्या सुशीलाची, म्हणजे आमच्याकडच्या फोडणीच्या मुरमुऱ्यांची, ताटली पुढ्यात घेऊन मी ते बोलणं कितीदा तरी ऐकलं आहे. फोन स्पीकरवर, कारण सरांचे हात कीबोर्डावर.

"झालं का रं तुजं यंत्र?"

"एकच बटन राहिलंय, अप्पा."

"मंग आज वशिंडाचं ऐक." आणि अप्पा वशिंडाचं सांगायचे. बैलाच्या खांद्यावरचा तो उंचवटा कसा असावा, कशानं ढिला पडतो, जू ठेवताना काय बघावं. अगदी रंगात यायचे. सर मध्येच विचारायचे, "आन खुराचं, अप्पा?"

"खुराचं म्होरल्या ऐतवारी." खट्. फोन बंद.

असला चिकट म्हातारा मी पाहिला नाही. एका वेळी एकच अवयव. मी सरांना म्हणायचो, "अहो, गावाकडं जा, चार दिवस बसा त्यांच्यापुढं आणि लिहून घ्या. न्हाईतर मोबाइलवर रेकॉर्ड तरी करा." सर मान हलवायचे. "करायचंच हाय की. एवढं एक बटन बसू द्या." फोन झाला की अप्पांच्या तोंडचा एखादा नवा शब्द ते एडिटरला शिकवून ठेवायचे, म्हणजे पहिलं अक्षर टाइप केलं की पुढचा शब्द आपोआप यावा. तेवढंच काय ते लिखाण.

त्या शिकवणीचं फळ सगळ्या कॉलेजनं पाहिलं. स्नेहसंमेलनाची नोटीस सरांकडं आली. त्यांनी 'वार्षिक' लिहायला घाईत 'वा' टाइप केलं, एडिटरनं इमानदारीत पुढचा शब्द भरला, आणि फलकावर नोटीस लागली: 'वानेरा स्नेहसंमेलन'. वानेरा म्हणजे काळ्या तोंडाचं, पांढऱ्या अंगाचं देवणी जनावर. दोन दिवस नोटीस तशीच होती. पोरं फोटो काढून राहिली होती. सर मात्र खूश. "शब्द बरोबर उचलला बगा त्यानं!"

हसायचो आम्ही. मीही हसायचो. पण मनातून माझा जीव खालीवर व्हायचा. अप्पांचं वय झालेलं, दम लागायचा, फोनवर खोकला ऐकू यायचा. एका रविवारी तर मी चिडून बोललोच, "बिरादार सर, तुमचं बटन अप्पांसाठी थांबणार आहे, पण अप्पा तुमच्या बटनासाठी थांबणार आहेत का?" वहिनी आतून बाहेर आल्या. सरांनी त्यांना माझ्या ताटलीत आणखी सुशीला वाढायला सांगितला.

अप्पा गेले ते सकाळची धार काढून, ओसरीवर टेकल्या टेकल्या.

लिंगायत घर, त्यामुळे शेतातच समाधी दिली. कॉलेजातले आम्ही बरेच जण गेलो होतो. बाकीचे परतले, मला मात्र सर म्हणाले, "जाधव सर, जरा थांबताल का?" म्हणून मी थांबलो. दुपार कलली होती. सर गोठ्याच्या दाराशी उभे होते. ओसरीवर त्यांची आई, अव्वा, भिंतीला टेकून बसल्या होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी नको तेच बोललो. म्हणालो, "अव्वा, अप्पांचं पुस्तक तेवढं राहून गेलं बघा."

"राहू द्या हो, सर." अव्वांनी पदरानं तोंड पुसलं. "तेंनी तरी कुटं नीट सांगत व्हते? ऐतवार उजाडला की अंगूळ करून, फोन घेऊन बसायचे. मी मनायचे, एकदाचं समदं सांगून टाका की, लेकरू लिव्हून मोकळं हुईल. तर माज्यावरच डाफरायचे. मनायचे, गप गं. समदं सांगून टाकल्यावर त्यो माज्याशी काय बोलंल?"

मी गोठ्याकडं पाहिलं. सरांनी ऐकलं होतं. त्यांनी एका हातानं दाराची चौकट धरली होती आणि ते हलत नव्हते.

मला एसटीत बसवायला ते फाट्यापर्यंत चालत आले. फाट्यावर, लिंबाखाली थांबलो तेव्हा एकदम म्हणाले, "सर, बटन एकबी राहिलं नव्हतं."

मला कळेना.

"यंत्र कवाच तयार झालं होतं. लई दिवस झाले. तयार हाय म्हनलो असतो तर अप्पानं सांगून संपविलं असतं. त्याच्याआधी आमचं बोलणंच नव्हतं हो काही. बैलाशी बोलायचे तेवढं अप्पा माज्याशी कधी बोलले न्हाईत. फोन केला तर, पाऊस हाय का, बरं हाय, ठेव. पुस्तक काढलं तवा कुटं बोलायला लागले. मला वाटायचं, मीच लबाडी करून राहिलो."

मला त्या दोघांचाही भयंकर राग आला. अजून येतो. अरे, बाप आणि लेक तुम्ही! शेजारी बसून बोलायला वशिंड आणि खुरं कशाला मध्ये लागतात? 'अप्पा, मला करमत नाही' एवढं म्हणायला किती बटनं लागतात? पण हे कुणाला विचारणार? विचारायचा तो एक शेतात जाऊन निजला होता, आणि दुसरा माझ्यासमोर लहान लेकरासारखा बाहीनं डोळे पुसून राहिला होता.

एसटी दिसायला लागली. सरांनी माझा हात धरला. "सर, ऐतवारी सकाळी फोन करताल का?"

"फोन कशाला, येतोच की घरी. काय बोलायचंय?"

"यायचं ते या. पन आधी फोन करा. कायबी इचारा. तवा फोन वाजतो, सर. त्या वक्ताला नुसतं बसणं व्हायचं न्हाई मला."

करतो म्हणालो. पुस्तकाचा विषय मी काढत नाही, तेही काढत नाहीत. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर आमची घरं, तरी रविवारी चपला घालायच्या आधी मी नंबर लावतो. काय विचारावं ते कधीच सुचत नाही. विचारतो आपलं, आज नाश्त्याला काय आहे म्हणून. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत ते फोन उचलतात.